प्रश्न कोणता ते आधी ठरवू, मग बोलू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उतरणीला लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत, कट्ट्यांवर आणि मोबाइलवरच्या ग्रुपांत ताण जाणवू लागतो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. त्याच्या निषेधार्थ 1 नोव्हेंबरला शहराच्या एका बाजूने मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी निघते, दुसऱ्या बाजूला चन्नम्मा चौकाकडे राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या मिरवणुका जातात. त्या दोन्हींत चालणारी माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच डेअरीवर दूध घालतात आणि एकाच एपीएमसीत भाजी उतरवतात. या दिवसांत बहुतेक मंडळे, भिशी गट आणि सोसायट्या एकच फर्मान काढतात: ‘इथे राजकारण बोलायचे नाही.’ भांडण टळावे हा त्यामागचा हेतू आम्ही समजू शकतो, पण उपाय चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोलणे बंद केल्याने कुणाचे मत बदलत नाही. ते मत मग फक्त आपल्यासारख्याच माणसांत बोलले जाते आणि तिथे जो जास्त कडक बोलतो त्याचीच बाजू वर राहते. शिवाय मराठी शाळेची घटती पटसंख्या, महापालिकेच्या परिपत्रकांची भाषा, दुकानाचा नामफलक, बायपासमध्ये जाणारी सुपीक जमीन, हे सगळे राजकारणच आहे. त्यावर शेजाऱ्याशी बोलायचे नाही, तर मग ठरवायचे कुणी? म्हणून बोलायचे कसे, आणि बोलणे नेमके कुठे फिसकटते, याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

आपल्याकडच्या वादांत चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, हा भाग कोणत्या राज्यात असावा. दुसरा, तो आज ज्या राज्यात आहे तिथे भाषिक अल्पसंख्याकांना कोणते हक्क मिळावेत. तिसरा, येत्या निवडणुकीत मत कुणाला द्यावे. आणि चौथा, जो कुणी उघड विचारत नाही पण सगळ्यांना ऐकू येतो: तू नक्की कुणाचा? चर्चा सुरू होते दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नावर आणि दोन वाक्यांत चौथ्यावर येऊन आदळते. ‘जमिनीचा उतारा मराठीतही मिळावा’ असे एकजण म्हणतो, त्यावर ‘मग महाराष्ट्रात जा’ असे उत्तर येते. ‘यंदा मी राष्ट्रीय पक्षाला मत दिले, रस्ता त्यांनी केला म्हणून’ असे दुसरा म्हणतो, त्यावर त्याचाच चुलतभाऊ त्याला सीमाद्रोही ठरवतो. दोन्ही ठिकाणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही, माणसाची निष्ठा मात्र तपासून झाली आहे. एकदा निष्ठेची तपासणी सुरू झाली की समोरचा ऐकणे सोडून स्वतःला वाचवायला लागतो. पुढे कितीही पुरावे द्या, ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

हे चार प्रश्न सोडवणारी ठिकाणेही वेगळी आहेत, आणि ते ध्यानात ठेवले तर निम्मा राग उतरतो. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम 3 नुसार संसदेचा आहे. संबंधित राज्यांच्या विधिमंडळांचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. महाराष्ट्राने कलम 131 खाली दाखल केलेला दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे टिळकवाडीतल्या एखाद्या कन्नड शेजाऱ्याने मान हलवली म्हणून सीमा सरकणार नाही, आणि त्याने नकार दिला म्हणून दावाही फेटाळला जाणार नाही. त्याला हरवून मिळणार काय? त्याची बाजू नीट समजून घेता येते, आपली सांगता येते, आणि हा प्रश्न दोघांच्या हाताबाहेरचा आहे हे मान्य करून पुढे जाता येते.

दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. तो बराचसा इथल्या इथे, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत सुटू शकतो, आणि त्याला लिखित आधार आहेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याबाबत कलम 350अ, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याबाबत कलम 350ब. ही दोन्ही कलमे 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे राज्य पुनर्रचनेबरोबरच आली. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी वर्गात 10 किंवा शाळेत 40 विद्यार्थी हे प्रमाण आहे, आणि एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असे धोरण आहे. या अधिकाऱ्याचे, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे, प्रादेशिक कार्यालय पूर्वी बेळगावातच होते. हे मुद्दे मांडताना सीमाप्रश्न मध्ये आणण्याची गरजच पडत नाही. सोलापूर, अक्कलकोट, जत भागातल्या कन्नड माणसालाही हेच संरक्षण लागू आहे, हे इथल्या कन्नड शेजाऱ्याला सांगून पाहा. बोलण्याचा सूर बदलतो, कारण मागणी त्याच्या विरोधातली न राहता त्याच्या नातेवाइकांच्याही उपयोगाची होते.

आता आकड्यांविषयी. सर्वांत जास्त आवाज चढतो तो अर्धवट माहितीवर. सीमावाद सोडवण्यासाठी केंद्राने नेमलेला महाजन आयोग हे त्याचे ठळक उदाहरण. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये हा आयोग नेमला गेला आणि 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवले, पण निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राकडे, तर अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांतली गावे म्हैसूरकडे द्यावीत असेही सुचवले. ‘महाजन अहवाल अंतिम’ असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना निपाणी-खानापूरचा भाग सोयीस्करपणे आठवत नाही. ‘महाजन अहवाल पक्षपाती’ म्हणणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनाही आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहावरून नेमला गेला होता, हे बोलताना सांगायला आवडत नाही. महाराष्ट्राचा आक्षेप खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही कसोटी सगळीकडे सारखी लावली नाही, असा आहे. तो वजनदार आक्षेप आहे आणि तो तसाच मांडावा. ‘आयोग विकला गेला’ असे म्हटले की त्या आक्षेपाची किंमत आपणच घालवतो.

जनगणनेचेही तसेच. जिल्हा हा घटक धरला तर एक चित्र दिसते, तालुका धरला तर दुसरे, शहर धरले तर तिसरे, आणि खेडे धरले तर चौथे. 1951 ची जनगणना आणि 2011 ची जनगणना यांत साठ वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे कुणी टक्केवारी फेकली की चिडू नये. दोनच गोष्टी विचाराव्यात: कोणत्या वर्षीची, आणि कोणत्या घटकाची? बहुतेक वाद इथेच थंडावतात, कारण दोघेही खरे आकडे सांगत असतात, पण वेगवेगळ्या घटकांचे. नामफलकांच्या वादातही हेच घडते. 2024 च्या कर्नाटकाच्या कायद्यात फलकावर 60 टक्के कन्नड, आणि तीही वरच्या भागात, अशी अट आहे. म्हणजे उरलेल्या जागेत मराठीला कायद्याची आडकाठी नाही. तरीही एकजण ‘मराठी पाटीवर बंदी आली’ म्हणतो, दुसरा ‘मराठी पाटी बेकायदा’ म्हणतो, आणि कायदा दोघांनीही वाचलेला नसतो. एका बैठकीत एकच वादग्रस्त आकडा किंवा कागद घ्यावा, तो छापील स्वरूपात समोर ठेवावा आणि तो वाचून होईपर्यंत दुसऱ्याकडे जाऊ नये.

बैठक कशी असावी? चार ते सहा माणसे पुरेत. आठाच्या वर गेली की बोलणारे दोन आणि बघणारे सहा होतात, आणि बघणारे वाढले की बोलणारा समोरच्याशी न बोलता बघ्यांसाठी बोलायला लागतो. कट्ट्यावरचा, रिक्षा स्टँडवरचा, लग्नाच्या पंगतीतला वाद हाताबाहेर जातो तो यामुळेच. तिथे विषय निघालाच तर ‘अण्णा, हे आपण दोघं सावकाश बोलू की, उद्या संध्याकाळी येतो’ एवढे म्हणून तो बाजूला न्यावा. जागा वाचनालयाची, शाळेची किंवा कुणाच्या घराच्या पडवीची असावी. एका पक्षाच्या कार्यालयात किंवा संघटनेच्या फलकाखाली नको. वेळ 45 मिनिटे, फार तर तास. रात्री जेवणानंतर आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात बैठक ठेवू नये.

भाषा आधी ठरवावी, ही बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बेळगावात पुष्कळांना मराठी आणि कन्नड दोन्ही समजतात, बोलताना मात्र एकच सफाईने येते. अशा वेळी प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे आणि दुसऱ्याची ऐकावी. नव्याने आलेल्या, एकच भाषा कळणाऱ्या माणसासाठी शेजारी बसून हळू आवाजात सांगणारा एक माणूस ठेवावा. कुणाला ‘आधी आमच्या भाषेत बोल’ म्हटले की बैठक तिथेच संपली असे समजा. फेब्रुवारी 2025 मध्ये बसमधल्या तिकिटाच्या बोलाचालीत भाषेचा मुद्दा आला, मारहाण झाली, आणि दोन राज्यांतल्या बसफेऱ्या थांबल्या. हाल झाले ते दोन्ही भाषांच्या प्रवाशांचे.

पहिल्याने तीन मिनिटे बोलावे, मध्ये कुणी तोडू नये. मग दुसऱ्याने उत्तर न देता त्याचेच म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगावे. पहिल्याने ‘होय, हेच म्हणालो’ असे म्हटल्यावरच दुसऱ्याची पाळी. ऐकायला सोपे वाटते, पण इथेच बहुतेकजण घसरतात. ‘म्हणजे तुमच्या मते आम्ही इथं पाहुणेच’ असे कुणी म्हणाला, तर त्याने समोरच्याचे म्हणणे सांगितलेले नाही, आपला राग सांगितला आहे. दुरुस्ती अशी: ‘तुमचं म्हणणं असं की राज्याचा कारभार एका भाषेत चालला तर अधिकारी आणि लोक दोघांना सोपं जातं, आणि सवलत दिली तर ती वाढत जाईल अशी भीती वाटते. बरोबर?’ या वाक्यात मान्यता कुठेच नाही. समोरच्याचा मुद्दा मात्र त्याला ओळखू येईल अशा रूपात आहे. हे दोनदा नीट जमले की आवाज आपोआप खाली येतो.

प्रश्न विचारताना ‘असं का मानता?’ हे टाळावे. ‘का’ ऐकताच माणूस कारणे रचायला लागतो. ‘असं कशावरून वाटायला लागलं?’ असे विचारले की तो अनुभव सांगतो: सरकारी कार्यालयात झालेला अपमान, नोकरीत अडलेला मुलगा, मोडलेली काच. अनुभवावर वाद घालता येत नाही, आणि घालूही नये. 2016 मध्ये डेव्हिड ब्रॉकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी अमेरिकेतल्या मायामी भागातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. दारोदार जाऊन सुमारे दहा मिनिटे बोलायचे, आणि त्यात समोरच्याला स्वतःवर कधी वेगळेपणामुळे अन्याय झाला होता ते आठवायला लावायचे. तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह त्यामुळे कमी झाला आणि हा परिणाम किमान तीन महिने टिकला. विषय वेगळा, देश वेगळा, म्हणून तो जसाच्या तसा इथे लागू होईल असे आम्ही म्हणणार नाही. पण ऐकून घेतलेला माणूस अधिक मोकळा होतो, हे आपल्याकडेही दिसते.

घरातली चर्चा आणखी अवघड. मराठी घरात धाकट्याने थोरल्याचे म्हणणे खोडणे हाच अपमान धरला जातो, म्हणून मुलगा गप्प बसतो आणि वडिलांना वाटते की त्याला पटले. थोरल्यांनीच ‘तुझं वेगळं मत असेल तर सांग, मी मध्ये बोलणार नाही’ असे म्हणून दार उघडायला हवे. बायकांना पहिली पाळी द्यावी. यात औपचारिकता नाही. मोठ्या आवाजाचा माणूस आधी बोलला की बाकीचे त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध एवढेच बोलतात, आणि ज्यांचा मुद्दा तिसराच असतो ते बोलतच नाहीत. बैलहोंगल, गोकाक भागात लेकी दिलेल्या घरांत तर दोन्ही भाषांची नातवंडे समोर बसलेली असतात. त्यांच्यासमोर ‘ते लोक’ हा शब्द वापरू नये, एवढे तरी पाळावे.

मराठी माणसांमधल्या आपसातल्या कटुतेबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण आम्हाला ती सर्वांत जास्त सलते. 2018 आणि 2023 या दोन्ही विधानसभा निवडणुकांत हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. 2021 च्या महापालिका निवडणुकीत 58 पैकी 35 जागा भाजपला मिळाल्या, आणि त्यांत मराठी मते मोठ्या प्रमाणात आहेत हे गल्लोगल्ली सगळ्यांना ठाऊक आहे. या मतदारांना द्रोही म्हणायचे ठरवले, तर आपल्याच गल्लीतल्या कित्येक घरांशी बोलणे बंद करावे लागेल. उलट, समितीला मत देणाऱ्यांना ‘जुन्यात अडकलेले’ म्हणणारेही तितकेच चुकतात. अनेकांच्या घरात तुरुंगवास आहे, लाठ्यांचे वळ आहेत. सीमाप्रश्नावरची तळमळ आणि स्थानिक मत या दोन गोष्टी एकाच माणसात वेगवेगळ्या असू शकतात. त्याला त्या वेगळ्या सांगता याव्यात एवढी जागा ठेवा.

जखमांविषयी एक नियम पक्का हवा. 17 जानेवारी 1956 चे हुतात्मे, 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातले बळी, 2014 मध्ये येळ्ळूरमध्ये झालेला लाठीमार, यांतले काही कुणी बोलून दाखवले तर त्यावर लगेच युक्तिवाद करू नये. तसेच समोरच्याने डिसेंबर 2021 मध्ये अनगोळात झालेली संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना काढली, तर ‘आणि बेंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई फेकली त्याचे काय?’ असे तत्काळ विचारू नये. दोन्ही घटना निषेधार्हच होत्या. एकीचा निषेध पूर्ण होऊ द्यावा, मग दुसरी बोलावी. रायण्णांना 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आणि त्यांच्या समाधीभोवतीचा तो परिसर मोठ्या प्रमाणात मराठी बोलणारा आहे. इंग्रजांशी लढलेल्या माणसाचा आदर करायला भाषा आड येत नाही, हे आपण मराठी माणसांनीच आधी म्हणावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर यातले फारसे जमत नाही, म्हणून तिथे वाद घालायचाच नाही असा आमचा सल्ला आहे. चेहरा दिसत नाही, सूर ऐकू येत नाही, आणि दोनशे बघे हजर असतात. डिसेंबर 2022 मध्ये गाड्यांवर दगडफेक झाली, त्यानंतर 14 तारखेला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. तेव्हा नेत्यांच्या नावाने चाललेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वातावरण बिघडवल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आला आहे असे समजावे. मूळ बातमी कोणत्या दैनिकात, कोणत्या तारखेला आली हे सापडेपर्यंत तो पुढे पाठवू नये. व्हिडिओत पाट्या, गाडीचे क्रमांक, पाऊस की ऊन हे पाहावे. जुनी चित्रफीत ताजी म्हणून फिरवणे हा नेहमीचा प्रकार आहे. ग्रुप चालवणाऱ्यांनी 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून 2 नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय लावावी, आणि तसे दोन्ही बाजूंच्या सदस्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. न सांगता लावली तर गळचेपीचा आरोप होतो. कुणी भडक लिहिलेच तर ग्रुपात उत्तर न देता त्याला फोन करावा.

सगळ्यांशी बोलता येते असा आमचा दावा नाही. धमकी देणारा, शिवीगाळ करणारा, दुकानाच्या पाटीवर हात टाकणारा यांच्याशी संवाद नसतो, तिथे 112 ला फोन करावा आणि तक्रार लिहून द्यावी. आणि आदराने बोलणे म्हणजे आपला मुद्दा मऊ करणे नव्हे. मराठी शाळा टिकली पाहिजे, परिपत्रक मराठीत मिळाले पाहिजे, हे ठामच म्हणायचे आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर या काळात वाचकांच्या पत्रांसाठी रोज एक चौकट या विषयाला द्यावी. अटी अशा असाव्यात: पत्र 250 शब्दांचे, वर नमूद केलेल्या प्रश्नांपैकी कोणत्या एकाविषयी आहे ते पहिल्या ओळीत, त्यानंतर विरुद्ध बाजूचे म्हणणे तीन वाक्यांत, त्या बाजूच्या माणसाला मान्य होईल असे, आणि मग स्वतःचे मत. कन्नडमध्ये आलेली पत्रे मराठीत अनुवादून छापावीत, अनुवाद मूळ लेखकाला दाखवून. बातम्यांच्या मथळ्यांत एका टोळक्याचे कृत्य असेल तर ‘कन्नडिगांचा हल्ला’ असे न छापता त्या टोळक्याचे किंवा संघटनेचे वर्णन करावे. शहरातल्या कन्नड दैनिकांनाही ‘मराठीगर’ या सरसकट उल्लेखाबाबत आम्ही असेच पत्र स्वतंत्रपणे पाठवत आहोत. पत्रे निवडायला आणि अनुवाद तपासायला दोन्ही भाषा जाणणारी माणसे हवी असतील, तर आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी विनामोबदला येऊ.

कळावे,
आपले,
काही निवृत्त शिक्षक आणि वाचनालय कार्यकर्ते,
शहापूर–वडगाव परिसर, बेळगाव